न ऐकलेला नवस

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी दिवा लावत होते, सणावाराला नैवेद्य दाखवत होते. फक्त त्याच्याकडे काही मागणं मी बंद केलं होतं, माझा पहिला मुलगा गेला तेव्हापासून. पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथल्या कुडाच्या घरात तो जन्मला, तीन दिवस नीट दूध प्यायला आणि चौथ्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवर हळूहळू निळा होत गेला. त्या एका दुपारी मी गावदेवीला इतकं काही कबूल केलं होतं की ते फेडायला एक जन्म पुरला नसता. फेडायची वेळच आली नाही. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं बाहेरचं झालं. नंतर मंगल झाली, मी पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना काट्यावर टांगून त्यांची वजनं घेत राहिले. देवीच्या पाया पडत होते, पण तोंड मिटून.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची आहे. मंगल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई बोईसरला कारखान्यात, त्यांना रजा मिळणार ती बारशालाच. मंगलचे वडील वारल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, म्हणजे घरात आम्ही दोघीच. आषाढ संपत आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत धुकं असं उतरतं की दुपारी बारा वाजता समोरच्या घराचं छप्पर दिसत नाही. माणसं आवाजावरून ओळखावी लागतात. कळा सुरू झाल्या तशी मी मंगलला मोखाड्याला सरकारी दवाखान्यात नेली. पहाटे मुलगी झाली. रडली चांगली, अंगानेही बरी होती. मी तिला फडक्यात गुंडाळून घेतली तेव्हा पस्तीस वर्षांपूर्वीचं काही आठवू द्यायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, आणि ते जमलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या डॉक्टर मॅडम तपासायला आल्या. वयाने माझ्या मंगलएवढ्याच, नुकत्याच नोकरीला लागलेल्या. त्यांनी बाळाच्या छातीला तपासायची नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग बाळाच्या पायाला चिमटा लावून यंत्रावरचा आकडा पाहिला, पुन्हा नळी लावली. मी अंगणवाडीची बाई आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला बाजूला बसवलं आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने हृदय काढून दाखवलं.

"मावशी, पोटात असताना बाळ श्वास घेत नाही ना, तेव्हा त्याची फुप्फुसं मिटलेली असतात. रक्त तिकडे पाठवून उपयोग नसतो. म्हणून हृदयात दोन आडवाटा असतात. एक ही, वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी, तिला पातळ पडदा असतो. दुसरी ही, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी छोटी नळी. बाळ जन्मलं, रडलं, छातीत हवा भरली, की पहिल्या वाटेचा पडदा दाबून बसतो. आणि ही नळी दोन-तीन दिवसांत आपोआप आवळत जाते, मिटते. हिची नळी अजून उघडी वाटते मला. आवाज येतोय."

त्यांनी तपासायच्या नळीची टोकं माझ्या कानात घातली. मला वाटलं होतं टिकटिक ऐकू येईल. पण टिकटिकीच्या मागे आणखी एक आवाज होता, न थांबणारा. लांब कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी जातं ओढत बसलं असावं तसा. आत कोण दळतंय, असा खुळा विचार माझ्या मनात आला आणि मी घाईने नळी काढून दिली.

"बहुतेक बाळांचं आपोआप मिटतं," मॅडम म्हणाल्या. "पण यंत्राचा आकडा मला हवा तेवढा येत नाही. तुम्ही आणखी दोन दिवस इथंच राहा. नाशिकला नेऊन हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ."

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. तीस वर्षं मी पाड्यापाड्यावर जाऊन सांगत आले की बाळंतिणीला दवाखान्यातून घाईने घरी नेऊ नका. आणि मीच मॅडमच्या मागे लागून तिसऱ्या दिवशी सकाळीच मंगलला घरी आणली. कारण काय, तर पाचवी पुजायची होती. आमच्यात जुन्या बाया मानतात की पाचवीपर्यंत पोर इथलं झालेलं नसतं, त्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. तिला घर रिकामं दिसू नये. खरं कारण त्याहून खोल होतं. मला त्या दवाखान्यात तो आवाज ऐकत बसायचं नव्हतं. मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं, ओठ निळे दिसले, दूध ओढताना दमली, तर लगेच आणा, नाहीतर पाचव्या दिवशी न चुकता आणा. मी सगळ्याला हो म्हटलं.

घरी आल्यावर मात्र तो आवाज माझ्या मागे लागला. तपासायची नळी नव्हती, पण पोरीच्या डाव्या खांद्याखाली कान टेकवला की तो ऐकू यायचा. मंगल झोपली की मी टेकवायची. स्वयंपाक करता करता हात पुसून यायची आणि टेकवायची. बाहेर पागोळ्या गळत असायच्या, आत ते जातं फिरत असायचं. पोर रडायची फार कमी. डोळे उघडे ठेवून छपराकडे पाहत राहायची. मला वाटायचं, ती अजून पुरती आली नाही. नऊ महिने जिथं होती तिथली वाट तिने उघडी ठेवलीय आणि दोन्हीकडे पाय ठेवून उभी आहे. ती वाट मिटली की ती आपली. हा विचार मनात शिरला आणि मग जाईना.

घरी आलो त्याच दुपारी मी मंगलला शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या स्वाधीन करून देवराईकडे गेले. आमच्या गावदेवीला देऊळ नाही. दाट झाडीत शेंदूर लावलेला एक दगड आहे, बाजूला मातीचे घोडे. धुक्यात दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. मी दगडासमोर बसले आणि पस्तीस वर्षांनी तोंड उघडलं. तोंड म्हणजे मनातल्या मनातच. ओठसुद्धा हलवले नाहीत, इतकी मला स्वतःची लाज वाटत होती. म्हटलं, आई, पाचवीच्या आत त्या पोरीच्या काळजातलं भोक मिटव. तुला साडीचोळी नेसवीन, उभा जन्म दर मंगळवारी येईन. मागचं काही काढत नाही. एवढं एक मिटव.

"काय मागते गं बाय?"

मी दचकून मागे पाहिलं. एक डोसी उभी होती, म्हणजे आमच्याकडची म्हातारी बाई. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर लाकडाची मोळी. ओळखीची नव्हती. आमच्या आसपासच्या पाड्यांतलं घरन् घर मला माहीत आहे, पण हिला मी कुठल्याच दारात पाहिलं नव्हतं. सूर्यमाळकडची कुणी असेल असं वाटलं.

"नातीसाठी आले," मी म्हटलं. "तिच्या काळजात भोक राहिलंय. ते बुजू दे म्हणून."

"नको मागू."

"का म्हणून?"

"तुला काय ठाव, ती कुठनं जगते ती."

एवढं बोलून ती वळली आणि धुक्यात गेली. मला राग आला. त्या रागात मी आणखी एकदा, या वेळी मोठ्याने, देवीला नवस बोलले. मिटव म्हणजे मिटव. घरी येताना अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की तिच्या डोक्यावरची मोळी कोरडी होती. फांद्या पांढऱ्या, वाळलेल्या, चैत्रात तोडाव्यात तशा. आषाढाच्या शेवटी, तीन आठवडे ऊन न पाहिलेल्या रानात कोरडं सरपण कुठून मिळालं तिला? मी झपाझप पावलं उचलली आणि तो विचार मंगलला सांगितला नाही.

चौथा दिवस उजाडला. लावणीचे शेवटचे दिवस होते, खाचरांत पाणी आहे तोवर उरकावं म्हणून सगळा पाडा तिकडे गेला होता. काकूही गेल्या. कोंबड्यांचा आवाजसुद्धा नव्हता. धुकं दाराच्या आत येऊन चुलीच्या धुरात मिसळत होतं. सकाळपासून मी तीनदा कान टेकवला होता आणि दर वेळी मला वाटत होतं की आवाज लहान होतोय. अकरा-बाराच्या सुमाराला पुन्हा टेकवला. जातं जवळजवळ थांबलं होतं. कुणी दळण संपवून शेवटच्या मुठीवर हात सैल सोडावा, तसं. थोड्या वेळाने पुन्हा ऐकलं. काही नाही. नुसती टिकटिक, भराभर.

मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही. मी रडले. पस्तीस वर्षांनी तिने माझं ऐकलं होतं. मिटलं. मंगलला उठवून सांगावं म्हणून मी पोरीला उचलून दाराच्या उजेडाकडे नेलं, आणि तिचा चेहरा पाहिला.

ओठ जांभळे होते. नखं जांभळी. जिभेचा रंग पिकल्या जांभळासारखा. ती रडत नव्हती, नुसती नाकपुड्या फुलवत होती. मला माझ्या मांडीवरचा मुलगा दिसला. तेच घर, दारातला तोच उजेड, तोच रंग. मी उंबऱ्याजवळ खाली बसले आणि बसूनच राहिले. तीस वर्षांचं शिक्षण होतं, मॅडमची ताकीद कानात होती, आणि तरी मला उठता येईना. मला वाटत होतं की हे आधी एकदा घडून गेलंय आणि ते जसं घडलं तसंच पुन्हा घडणार, मी फक्त बघायचं आहे.

"बाय, पाणी दे."

ओट्याच्या खाली तीच डोसी उभी होती. आज डोक्यावर काही नव्हतं. मी हलले नाही. तिने मान पुढे करून माझ्या हातातल्या पोरीकडे पाहिलं.

"तुझा पयला पन असाच काळानिळा झालता," ती म्हणाली. "तवा पन तू अशीच बसली व्हतीस. ऊठ आता."

पहिल्या मुलाचं मी कुणाशी बोलत नाही. मंगललाही फार मोठी झाल्यावर कळलं. त्या दुपारी घरात फक्त सासूबाई होत्या, आणि त्या कधीच गेल्या. मी त्या बाईला विचारलं नाही, तू कोण. मला तिची भीती वाटली, आणि त्या भीतीनेच मी उठले असेन. मंगलला हाक मारली, पोरीला माझ्या छातीशी उघड्या अंगाला बांधली, वरून घोंगडी घेतली. मंगल चार दिवसांची बाळंतीण, पण तिने पोरीचं तोंड पाहिलं आणि चपला घातल्या.

पाड्यापासून डांबरी रस्ता अर्ध्या तासावर. फोनला रेंज मिळते ती तिथंच. नेहमीची वाट ओढ्यावरून जाते. मी त्या वाटेला लागणार तोच डोसी पुढे झाली आणि डाव्या हाताच्या माळावर चढली. "व्हळाला पानी हाय," एवढंच म्हणाली. आम्ही तिच्या मागे गेलो. तिची पाठ दिसत होती आणि दिसत नव्हती. लुगड्याचा तांबडा काठ कधी पुढे झुले, कधी धुकं त्याला गिळे. मंगल मागून "आये, हळू," म्हणायची, मी मागे वळून तिचा हात धरायची, आणि पुन्हा पुढे पाहिलं की काठ तिथंच थांबलेला असायचा. वाटेत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मी चालता चालता पोरीच्या नाकाशी बोट धरत होते. एकदा ऊब लागली नाही तेव्हा मी थांबले. मग लागली.

रस्त्यावर पोचलो तेव्हा समोर एक जीप उभी होती, इंजिन चालू, दिवे लावलेले. ड्रायव्हर खाली उतरून काच पुसत होता. आम्हाला बघून तोच म्हणाला, "बाळंतीण आहे ना? बसा लवकर." मी मागे वळले. माळावर धुकं होतं, बाकी कुणी नव्हतं. गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, तुम्हाला कसं कळलं. तो म्हणाला, "एक म्हातारी मधोमध उभी राहिली हो, ब्रेक मारला म्हणून वाचली. म्हणाली बाळंतीण येतेय, थांब. पाचेक मिनिटं झाली असतील." मी हिशेब केला नाही. आजही करत नाही. पाच मिनिटांपूर्वी ती माझ्या पुढे चालत होती.

दवाखान्यात मॅडमनी बाळाच्या छातीला तपासायची नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मॅडम, आवाज बंद झालाय. मिटलं ना भोक?"

"हो मावशी, मिटत आलंय," त्या म्हणाल्या, "आणि तेच वाईट झालंय." बोलता बोलता त्या फोन लावत होत्या. नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलल्या, मग मला सांगितलं. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारा हिचा नेहमीचा रस्ता जन्मापासूनच बंद असावा. इतर बाळांना ती आडवाट नको असते. हिचं सगळं रक्त मात्र त्याच आडवाटेने फुप्फुसांत जात होतं. आता ती आवळत चाललीय. तिला उघडं ठेवणारं औषध शिरेतून द्यावं लागतं आणि ते इथं नाही. "ऑक्सिजनसुद्धा बेताचाच द्या म्हणतायत ते. जास्त दिला तर वाट आणखी लवकर मिटते." त्यांनी फोन खाली ठेवला. "माझी चूक झाली मावशी. मी तुम्हाला सोडायला नको होतं."

मी त्यांचा हात धरला. चूक कुणाची होती ते मला माहीत होतं. आणि कालपासून त्या पोरीच्या छातीला कान लावून मी देवीकडे काय मागत होते, तेही आता मला कळलं होतं. मी तिचं मरण मागत होते. साडीचोळी कबूल करून, दर मंगळवारचा शब्द देऊन.

१०८ ची गाडी आली. मॅडम स्वतः सोबत बसल्या. त्र्यंबककडच्या घाटाला लागलो तेव्हा बाहेर काहीही दिसत नव्हतं, खिडक्यांना पांढरा कापूस चिकटवल्यासारखा. मंगल एका कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती. यंत्राचा आकडा खाली जात होता आणि मॅडम दर वेळी तो माझ्यापासून लपवायला हात आडवा धरत होत्या. मी पोरीच्या पायाला हात लावला. बर्फ. तेव्हा मी देवीशी बोलले. या वेळी काही कबूल केलं नाही. माझ्याजवळ कबूल करण्यासारखं उरलंच नव्हतं. म्हटलं, आई, मी मागितलेलं परत घेते. मला काय मागायचं ते कळत नाही. पस्तीस वर्षांपूर्वीही कळत नव्हतं. माझं ऐकू नकोस. तुला जे दिसतंय ते कर. ही तुझी असेल तर ने, आणि ठेवायची असेल तर ती जिथून जगते ती वाट तूच सांभाळ.

हे म्हणताना मला धीर आला असं नाही. उलट हात सोडल्यावर पाण्यात खाली खाली जावं तसं वाटलं. पण एक झालं, मी लढत होते ते थांबवलं. वाकून पोरीच्या डाव्या खांद्याखाली कान लावला. इंजिनाचा घरघराट होता, सायरन होता, त्यात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी घाटाच्या वरच्या वळणावर मला ऐकू आलं. अगदी बारीक. कुणी थांबलेल्या जात्याचा खुंटा पुन्हा धरावा आणि एकच फेरा ओढावा तसं. मी मॅडमना काही सांगितलं नाही. त्यांनी थोड्या वेळाने आकड्यावरचा हात आपणहून काढला.

नाशिकला गाडी थांबली तेव्हा औषध तयार होतं. तासाभराने त्या तज्ज्ञ डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. काळ्या पडद्यावर एक रंगीत रेघ लुकलुकत होती. "हीच ती नळी," ते म्हणाले. "दोऱ्याएवढी उरली होती. एवढ्या वेळात ही पूर्ण का मिटली नाही, सांगता येत नाही. काही बाळांची थोडी जास्त टिकते." मी मान डोलावली. ते म्हणाले ते खरंच असेल. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता आणि आजही कुणाशी घालायचा नाही. पाचवीची पूजा त्या वर्षी आमच्या घरी झाली नाही. त्या दिवशी पोर काचेच्या पेटीत होती, शिरेत सुई होती, आणि तिचे ओठ गुलाबी झाले होते. जावई धावत आले होते, ते काचेला हात लावून उभे होते. पुढे मुंबईला नेऊन तिच्या त्या नळीत जाळीची बारीक नळी बसवली, ती मिटूच नये म्हणून. सरकारी योजनेतून झालं सगळं. बारसं दोन महिन्यांनी झालं. नाव ठेवलं दुर्वा.

परत आल्यावर मी ती डोसी शोधली. सूर्यमाळच्या पाड्यांवर विचारलं, खाली पोशेऱ्यात विचारलं, बाजाराच्या दिवशी मोखाड्यात बायांच्या रांगेतून हिंडले. कुणालाच ठाऊक नव्हती. त्या दिवशी ओढ्याला मात्र खरोखर पूर होता, लावणीहून परतणारी माणसं पलीकडे अडकून पडली होती. काकू म्हणाल्या, असेल कुणी वाटसरू, पावसापाण्याची थांबली असेल. मी म्हटलं, असेल. पण मला एक गोष्ट सलते. तिने पाणी मागितलं होतं आणि मी दिलं नाही.

देवीला साडीचोळी नेसवली का, असं मला पुष्कळजण विचारतात. नवस पुरा झाला नव्हता, त्यामुळे फेडायचा कसा ते मला समजेना. शेवटी नेसवली. ऐकलं नाही म्हणून नेसवली. आणि पहिल्या मुलाबद्दल तिच्याकडे मनात जो दगड धरून बसले होते, तो त्या दिवशी तिथं ठेवून आले. त्याच्याही काळजात कदाचित असंच काही असेल. त्या काळी ते कुणाला ऐकू येणार होतं? देवीचंही काही आपल्याला न कळण्यासारखं असेल. माझ्यापुरतं मी तिला माफ केलं, किंवा तिने मला. यात फरक असतो असं आता वाटत नाही.

दुर्वा पावणेदोन वर्षांची असताना तिचं मोठं ऑपरेशन झालं, मुंबईतच. फुप्फुसांकडे जाणारा नवा रस्ता डॉक्टर करून देणार होते. सकाळी तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मंगल आणि जावई फॉर्मवर सह्या करायला गेले तेव्हा माझ्या शेजारी धुळ्याकडची एक बाई येऊन बसली, माझ्याच वयाची. तिचा नातू आत होता. त्याची ती नळी जन्मल्यावर मिटलीच नव्हती, म्हणून फुप्फुसांत रक्त जास्त जाऊन तो दमत होता. डॉक्टर ती बंद करणार होते. तिने पदराला सात गाठी मारल्या होत्या, सात देवांच्या.

"तुम्ही काय बोललात हो नातीसाठी?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटेना. डोळे पुसत म्हणाली, "माझं तर एकच चाललंय सकाळपासून, मिटू दे, मिटू दे. असं मागितलं तर चालतं ना?"

मी तिच्या गाठींवर हात ठेवला. म्हटलं, "चालतं ना. त्याला तेच हवंय, तेच मागा. पण शेवटी एवढं एक जोडा ताई, की माझं चुकत असेल तर ऐकू नकोस."

मग डोळे मिटून तिने ते पुटपुटलं, अडखळत, पहिल्यांदा म्हणताना मीही अडखळले होते तसंच. दुपारी दार उघडून सिस्टर हसतच बाहेर आल्या आणि "बाळाचे नातेवाईक कोण?" असं म्हणाल्या. त्यांनी नाव सांगायच्या आधीच आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिलो होतो, आणि त्या क्षणी ज्या कुणाचं बाळ सुखरूप बाहेर येत असेल, त्याच्यासाठी माझे हात आपोआप जोडले गेले.